पहिलं वाक्य, दुसरा वाचक

या संग्रहात कादंबऱ्यांची पहिली वाक्यं आहेत. दुसरं वाक्य ज्याला हवं असेल, त्यानं ग्रंथालय गाठावं.

डोंबिवलीत आम्ही सात-आठ जण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. त्या बैठकीत गेली काही वर्षं एक वही फिरते आहे. दोनशे पानी, रेघांची, एका कोपऱ्यात चहा सांडून तपकिरी झालेली. ज्याची पाळी असेल तो हल्ली वाचलेल्या एखाद्या कादंबरीचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचतो. कादंबरीचं नाव सांगत नाही, लेखकाचंही नाही. बाकीचे ओळखतात, चुकतात, हुज्जत घालतात, आणि मग ते वाक्य वहीत उतरतं. वही भरत आली तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, "हिचं पुस्तक करा बुवा, नाहीतर एक दिवस रद्दीवाला घेऊन जाईल." हे ते पुस्तक.

प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं त्याला कारण माझं अक्षर. ते इतकं वाईट आहे की वहीत लिहायची पाळी कुणी माझ्यावर येऊ दिली नाही, आणि प्रस्तावना तर टाइप करूनच द्यायची होती. एक अट मात्र सगळ्यांनी मिळून घातली: प्रस्तावनेत एकही वाक्य उद्धृत करायचं नाही. पुढे पानापानावर जे ताटात वाढलं आहे, त्यातलं उचलून दारातच कुणाच्या हातावर ठेवायचं नाही. अट मला पटली. तेव्हा इथे मी वाक्यांबद्दल बोलेन. वाक्यं तुम्ही पुढे वाचालच.

खेळ सुरू झाला तो आमच्या आळसातून. त्या महिन्यात सगळ्यांनी मिळून एक जाडजूड कादंबरी वाचायची ठरली होती आणि बैठकीच्या दिवशी कळलं की ती कुणीच पुरी केलेली नाही. कुणी दीडशे पानांवर होतं, कुणी चाळीसवर, एकानं नुसती पिशवीतून आणली होती. पोहे खाऊन उठायचं एवढंच उरलं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "निदान पहिलं वाक्य तरी सगळ्यांनी वाचलंय ना? त्यावर बोलू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी विचारलं, "काय आहे ते?" कुणालाच सांगता येईना. पुस्तकं मांडीवर होती, कित्येक पानं वाचून झाली होती, पण ज्या वाक्यावरून आम्ही सगळे आत गेलो होतो ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

बाईंनी पुस्तक उघडून ते वाचलं. सावकाश, वर्गात वाचावं तसं. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. त्या एका वाक्यात कादंबरीचा काळ होता, बोलणाऱ्याचा स्वभाव होता, आणि पुढे दीडशे पानांवर जे घडणार होतं त्याची चाहूलसुद्धा होती, असं दीडशे पानं वाचलेल्या सभासदानं कबूल केलं. त्यानं ते वाक्य आधी वाचलं होतंच. पण उंबरा ओलांडताना उंबऱ्याकडे कोण बघतं?

या संग्रहामागचं म्हणणं एवढंच आहे. एकट्यानं वाचताना पहिलं वाक्य आपल्या पायाखालून जातं. आपल्याला घाई असते: कोण आहे, कुठे आहे, पुढे काय. दुसऱ्याला वाचून दाखवायचं म्हटलं की जीभ थांबते, स्वल्पविराम दिसतो, शब्दांचा क्रम कानाला कळतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचलं की नाही हेही दिसतं. पहिलं वाक्य नीट वाचायला दुसरा माणूस लागतो.

आमच्या डोंबिवलीच्या दिवाणखान्यातला हा शोध तसा जुनाच आहे. मार्च १८७३ मध्ये यास्नाया पोल्यानाच्या घरात टॉल्स्टॉयच्या थोरल्या मुलासाठी पुश्किनच्या गद्याचं एक पुस्तक बाहेर काढलेलं होतं. तो ते घरातल्या म्हाताऱ्या आत्याला वाचून दाखवत असे. टॉल्स्टॉयनं ते सहज उचललं आणि एका अपुऱ्या राहिलेल्या कथेच्या सुरुवातीवर त्याची नजर थांबली. पाहुणे बंगल्यावर जमू लागले आहेत, एवढंच तिथे आहे. ना पाहुण्यांची वर्णनं, ना खोल्यांची. लिहावं ते असं, थेट मुद्द्याला हात घालून, असं तो घरच्यांना म्हणाला, आणि लगेच ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहायला बसला. गंमत अशी की आज त्या कादंबरीची सुरुवात म्हणून जगभर जे वाक्य सांगितलं जातं ते कुटुंबांच्या सुखदुःखाविषयीचं एक सूत्र आहे. पाहुणे जमण्याचा प्रसंग नंतरच्या खर्ड्यांत मागे ढकलला गेला आणि दुसऱ्या भागात जाऊन बसला. म्हणजे पुश्किनच्या वाक्यानं टॉल्स्टॉयला घरात घेतलं, आणि टॉल्स्टॉयनं आपल्या वाचकासाठी दार दुसरीकडे पाडलं.

दुसरी गोष्ट गार्सिया मार्केसची. १९४७ साली तो बोगोटात कायद्याचा विद्यार्थी होता. एका मित्रानं त्याला काफ्काच्या कथांचं पुस्तक वाचायला दिलं. रात्री खोलीवर येऊन त्यानं ‘मेटामॉर्फॉसिस’ उघडलं आणि पहिलंच वाक्य वाचून आपण पलंगावरून पडायच्या बेतात आलो, असं त्यानं पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. असंही लिहायची मुभा असते हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, ठाऊक असतं तर केव्हाच लिहायला लागलो असतो, असा त्याचा सूर आहे. त्याच वर्षी त्याची पहिली कथा छापून आली. पुढे हाच लेखक म्हणत असे की पहिला परिच्छेद सगळ्यांत अवघड, त्यावर आपले कित्येक महिने गेले आहेत. तो जमला की बाकीचं सोपं. मला या हकीकतीत तो पुस्तक देणारा मित्र महत्त्वाचा वाटतो. त्यानं पुस्तक स्वतःच्या फळीवरच ठेवलं असतं तर?

आणि तिसरी गोष्ट एका काल्पनिक माणसाची. काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) मध्ये ओरान शहराच्या पालिकेत ग्राँ नावाचा एक साधा कारकून आहे. तो कादंबरी लिहितो आहे. वर्षानुवर्षं लिहितो आहे आणि अजून पहिल्याच वाक्यात आहे. पॅरिसच्या उद्यानातून घोड्यावरून जाणारी एक तरुणी त्याला त्या वाक्यात बसवायची आहे. विशेषण बदलतो, घोड्याचा रंग बदलतो, टापांचा ठेका वाक्यात ऐकू येतो का ते बघतो. शहरात माणसं मरताहेत आणि हा आपलं वाक्य डॉक्टर रिओला वाचून दाखवतो. डॉक्टर दिवसभराच्या प्रेतांनी थकलेला, तरी ऐकून घेतो. शेवटी ग्राँ सांगतो की आपण सगळी विशेषणं काढून टाकली. आमच्या बैठकीत औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे, तो म्हणतो की पहिली वाक्यं लिहिणाऱ्यांचा कुलपुरुष ग्राँ असेल, तर ऐकणाऱ्यांचा डॉक्टर रिओ.

खेळ पुढे सरकला तसे नियमांचे तंटे सुरू झाले. सगळ्यांत मोठा तंटा हा की पहिलं वाक्य म्हणजे नेमकं कोणतं? ‘मोबी डिक’ घ्या. निवेदक वाचकाला स्वतःचं नाव सांगतो, ती सुरुवात इतकी गाजलेली की कादंबरी न वाचलेल्यालाही पाठ. पण १८५१ ची अमेरिकन आवृत्ती उघडली तर त्याआधी ‘व्हेल’ या शब्दाची व्युत्पत्ती आहे, आणि त्यानंतर देवमाशांबद्दल ठिकठिकाणच्या ग्रंथांतून वेचलेल्या उताऱ्यांची पानंच्या पानं. त्याच वर्षी लंडनला ही कादंबरी ‘द व्हेल’ या नावानं तीन खंडांत निघाली, तेव्हा तो सगळा मजकूर शेवटी नेऊन ठेवला होता. एकाच कादंबरीला एकाच वर्षात दोन सुरुवाती! आपल्याकडे ‘श्यामची आई’ने आमची एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी. पण पहिल्या रात्रीच्या आधी ‘प्रारंभ’ आहे. मग वाक्य ‘प्रारंभा’चं घ्यायचं की रात्रीचं? काका म्हणाले, श्याम बोलायला लागेल तिथून. बाई म्हणाल्या, पुस्तक जिथून सुरू होतं तिथून. संग्रहात दोन्ही आहेत, आणि अशी जोडवाक्यं जिथे आहेत तिथे खाली दोघांच्याही नावांची आद्याक्षरं आहेत.

इटालो काल्व्हिनोनं तर हा तंटाच कादंबरी करून टाकला. १९७९ च्या त्याच्या एका कादंबरीत दहा वेगवेगळ्या कादंबऱ्यांच्या सुरुवाती आहेत. प्रत्येक रंगात येते आणि तुटते, आणि पुढचा भाग शोधत फिरणारा वाचक हाच नायक होतो. त्या वाचकाच्या जोडीला एक वाचक मुलगीही आहे. तुटलेल्या प्रती बदलून घ्यायला दुकानात गेलेले हे दोघं एकमेकांना भेटतात. आमच्या वहीला यापेक्षा चांगला आशीर्वाद मिळणं कठीण.

मराठीत सुरुवात करण्याची रीत कादंबरीच्या कितीतरी आधीची आहे. ग्रंथाला मंगलाचरण, नाटकाला नांदी, तमाशाला गण, कीर्तनाला पूर्वरंग, आणि आजीच्या कहाणीला आटपाट नगर. सगळ्यांचं काम एकच: ऐकणाऱ्याला सावरून बसू देणं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली, गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये, आणि श्रोत्याच्या जागी वाचक आला. वाचकाला सावरून बसायला कोण सांगणार? ते काम पहिल्या वाक्याच्या अंगावर पडलं. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येत गेली, तेव्हा तर दर हप्त्याला नवी सुरुवात करायची आणि आठवडाभर थांबलेल्या वाचकाला पुन्हा आत घ्यायचं असा मामला होता.

वहीत तीन कादंबऱ्या आम्ही मुद्दाम लागोपाठ ठेवल्या आहेत. खांडेकरांचा ययाती (१९५९) बोलायला तोंड उघडतो तेच स्वतःला विचारत, की ही कहाणी आपण का सांगतो आहोत. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला (१९६७) कर्ण मरणानंतर बोलतो आहे, आणि मेलेला माणूस बोलेल कसा ही ऐकणाऱ्याची शंका तो आपणच आधी काढतो. दोघंही राजे, दोघंही महाभारतातले, आणि दोघंही कीर्तनकारासारखे श्रोत्याची परवानगी घेऊन मग पुढे सरतात. या दोघांच्या मधोमध, १९६३ मध्ये, नेमाड्यांची ‘कोसला’ उभी आहे. पांडुरंग सांगवीकर नाव सांगतो, वय सांगतो आणि सांगता सांगता ‘उदाहरणार्थ’ हा शब्द टाकतो. कुणाची परवानगी नाही, का सांगतो त्याचा खुलासा नाही. नेमाड्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा तेही नायकाएवढेच, पंचविशीचे. पण स्वतःच्या वयाला ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा माणूस आत्मचरित्र सांगत नसतो; तो स्वतःला एक नमुना म्हणून टेबलावर ठेवत असतो. हे तिन्ही आरंभ एकामागून एक मोठ्यानं वाचले की मराठी ‘मी’चा आवाज कसा बदलला ते कानांनाच कळतं. मी समीक्षक नाही, पण त्या शनिवारी आम्हाला जे कळलं ते एखाद्या व्याख्यानातून कळलं असतं असं वाटत नाही.

आणि ‘मी’ हा मराठीत साधा शब्द नाही, हेही याच खेळानं शिकवलं. इंग्रजी कादंबरीतला ‘मी’ पानंच्या पानं आपण पुरुष की बाई हे दडवून ठेवू शकतो. मराठीत ‘मी निघालो’ की ‘मी निघाले’ हे पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं. दडवायचंच असेल तर ‘मला वाटलं’, ‘मी आहे’, ‘मी जाईन’ अशा आडवाटांनी जावं लागतं, आणि फार वेळ जाता येत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हरिभाऊंनी यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगायला लावली, तेव्हा एका पुरुषानं क्रियापदामागून क्रियापद स्त्रीलिंगी लिहिलं. ते मनात वाचताना जाणवत नाही. काकांनी त्यांच्या पोस्टमास्तरी आवाजात मोठ्यानं वाचलं तेव्हा सगळ्यांना जाणवलं, आणि काकांना सगळ्यांत जास्त.

अनुवादांच्या वेळी तर आम्ही वहीत समासही पुरे पडू दिले नाहीत. ‘मोबी डिक’चा निवेदक आपल्याला कोणत्या नावानं हाक मारायची ते सांगतो, पण मराठीत हाक ‘मार’ की ‘मारा’? एका अक्षरानं वाचक त्याचा दोस्त ठरतो किंवा परका. काम्यूच्या ‘द स्ट्रेंजर’च्या (१९४२) सुरुवातीला नायकाच्या आईचा मृत्यू आहे. इंग्रजीत १९४६ च्या पहिल्या अनुवादात तिच्यासाठी ‘मदर’ आला, आणि तो फार कोरडा वाटतो म्हणून १९८८ च्या अनुवादकानं मूळचा फ्रेंच ‘मामाँ’च ठेवला. मराठीत ती अडचण नाही, ‘आई’ सगळं निभावून नेते. आपली अडचण पुढच्या शब्दाला आहे: गेली, वारली की मेली? ‘वारली’ म्हटलं की दारात चपलांचा ढीग दिसतो. ‘गेली’ म्हटलं की गळा दाटतो. ‘मेली’ म्हटलं की ऐकणारा दचकतो, आणि बोलणारा मुलगा कसला, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. ही सगळी कादंबरी त्याच प्रश्नावर उभी आहे. काफ्काच्या वाक्यातल्या किड्याचंही असंच. मूळ जर्मनमध्ये तो अमुकच कीटक असं ठरत नाही, आणि १९१५ साली मुखपृष्ठावर त्याचं चित्र काढू नका असं काफ्कानं प्रकाशकाला निक्षून कळवलं होतं. आम्हा सातांपैकी पाच जणांनी मनात झुरळच पाहिलं होतं.

एक सावधगिरीची सूचना. पहिलं वाक्य बरं म्हणजे कादंबरी बरी, असं समजू नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी उदाहरणं वहीत निघतील. उलट, ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण मास्तर वाडीच्या वाटेनं चालतो आहे, इतक्या साध्या जागी कादंबरी सुरू होते, चमकदार असं काही नाही, आणि तरी आपण त्याच्यामागे चालायला लागतो. फार सजवलेल्या वाक्याची तर थट्टाच होते. बुल्वर-लिटनच्या १८३० मधल्या एका कादंबरीची वादळी रात्रीची सुरुवात इतकी बदनाम झाली की त्याच्याच नावानं अमेरिकेतल्या सॅन होजेच्या विद्यापीठात १९८२ पासून सगळ्यांत वाईट पहिलं वाक्य लिहिण्याची स्पर्धा भरू लागली. आमच्याही वहीच्या शेवटी तसलं एक पान आहे. त्यातली वाक्यं आम्ही स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे कुणी दुखावलं जायचं कारण नाही.

हे पुस्तक एका बैठकीत वाचून संपवू नका, आणि शक्यतो एकट्यानं वाचू नका. कादंबऱ्यांची नावं मुद्दाम शेवटी, क्रमांकानं दिली आहेत. जेवणानंतर एखादं वाक्य घरातल्या कुणाला वाचून दाखवा. प्रत्येक वाक्याखाली दोन रेघा कोऱ्या ठेवल्या आहेत; तिथे ऐकणाऱ्यानं पहिल्यांदा काय म्हटलं ते टिपून ठेवा.

शेवटी माझी एक फजिती, कारण ती सांगितल्याशिवाय प्रस्तावना पुरी होऊ देणार नाही असं बाईंनी बजावलं आहे. चौदा वर्षांचा असताना तालुक्याच्या ग्रंथालयातून मी एक कादंबरी आणली होती. तिची बांधणी नव्यानं केलेली, कडेला जाड दोरा, वर खाकी पुठ्ठा. ती वाक्याच्या मधूनच सुरू होत होती. मी थक्क झालो. काय लेखक आहे, म्हटलं, आपण खोलीत शिरायच्या आधीपासून याचं बोलणं चालू आहे! पुढे कॉलेजात, नोकरीत, जिथे म्हणून संधी मिळाली तिथे मी त्या धाडसी सुरुवातीबद्दल बोललो. एकदा तर त्यावर निबंधही लिहिला. मग दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी, बँकेत असलेल्या आमच्या वहिनींनी एक वाक्य वाचलं. शांत, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापद असलेलं. सगळ्यांनी झटक्यात कादंबरी ओळखली. मी एकटा म्हणालो, "छे, तिची सुरुवात अशी नाहीच." वहिनींनी काही न बोलता पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी पान पाहिलं, मग पानाचा क्रमांक पाहिला. माझी कादंबरी तिसऱ्या पानापासून सुरू झाली होती. बांधणी करणाऱ्यानं फाटलेलं पहिलं पान टाकून दिलं असावं.

जे वाक्य मी आयुष्यभर मिरवलं ते लेखकाचं होतं, पण सुरुवात दोऱ्यानं केलेली होती. खरं पहिलं वाक्य माझ्या प्रतीत नव्हतंच. ते वहिनींच्या प्रतीत होतं.